काका, खोकून दाखवा: छातीच्या ऑपरेशननंतरचं दुखणं आणि पाठीतली नळी

छातीचं ऑपरेशन झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेशंटला "दुखतंय का?" असं विचारत नाही. पूर्वी विचारायचे. लातूरकडचे एक काका होते, उजव्या फुफ्फुसाचा खालचा भाग काढलेला. उशीला टेकून बसलेले, दोन्ही हात मांडीवर, नजर समोरच्या भिंतीवर. "अजिबात नाही दुखत, मॅडम," म्हणाले. मला बरं वाटलं आणि मी पुढच्या खाटेकडे निघाले. तेवढ्यात त्यांच्या सूनबाई हळूच म्हणाल्या, "दुखत नाही, कारण ते हलतच नाहीत. रात्रभर असेच बसलेत. खोकला आला की तोंड दाबून धरतात."

मी परत फिरले. "काका, जरा खोकून दाखवा बरं." त्यांनी घशातल्या घशात अर्धा खोकला काढला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

मी भूलतज्ज्ञ आहे. छातीच्या ऑपरेशननंतर दुखणं कमी करायच्या पद्धतींची तुलना करायची तर मापपट्टी हीच: माणूस जोर लावून खोकू शकतो का आणि पोटभर श्वास घेऊ शकतो का. निपचित पडल्यावर दुखत नाही, हे यश मोजायला अपुरं आहे. नातेवाइकांना बहुतेक वेळा सांगितलं जातं ते एवढंच, की "पाठीत नळी घालू, दुखणार नाही." ती नळी नक्की कुठे जाते, तिच्याऐवजी दुसरं काय करता येतं आणि कुणासाठी काय बरं, हे कागदावर सही करण्याआधी समजायला हवं. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी बरगडीचं पाहू. हात मोडला तर प्लास्टर घालून तो गळ्यात अडकवता येतो. बरगड्यांना रजा नसते. मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी दिवसाला एकवीस हजार वेळा ती जखम ताणली जाते. छाती उघडून केलेल्या ऑपरेशनला थोरॅकोटॉमी म्हणतात. त्यात बहुधा पाचव्या-सहाव्या बरगडीच्या आसपास कुशीतून पाठीकडे जाणारा छेद घेतात आणि दोन बरगड्यांमध्ये एक धातूचं उपकरण बसवून त्या फाकवतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या काठाला आतून एक पन्हळ असते. त्या पन्हळीत शीर, धमनी आणि मज्जातंतू एकाखाली एक असतात. सगळ्यांत खाली, म्हणजे सगळ्यांत उघड्यावर, असतो तो मज्जातंतू. बरगड्या फाकवल्या की तो धातूखाली चेपतो. शिवाय हवा आणि रक्त बाहेर यावं म्हणून छातीत नळी ठेवलेली असते. ती दोन बरगड्यांमधून आत जाते आणि प्रत्येक श्वासाला घासते.

मग माणूस काय करतो? वरवर श्वास घेतो. खोकणं टाळतो. कफ आतच साचतो, फुफ्फुसाचा खालचा भाग हवा न मिळाल्यानं मिटतो आणि तिथेच न्यूमोनिया धरतो. आधीच फुफ्फुसाचा एक तुकडा गेलेला, राहिलेलं असं बंद पडू लागलं तर ऑक्सिजन कुठून आणायचा? छातीच्या ऑपरेशननंतर दुखणं आवरणं हा उपचाराचाच भाग आहे. कोविडच्या काळात घरोघरी पोचलेलं, श्वास आत ओढून बॉल वर न्यायचं ते तीन बॉलांचं यंत्र आठवा. त्यावर ६००, ९०० आणि १२०० असे आकडे असतात. दुखणाऱ्या छातीनं पहिला बॉलही वर जात नाही.

नुसत्या शिरेतल्या मॉर्फिननं भागत नाही का, असं बरेच जण विचारतात. मॉर्फिन, फेंटानिल ही औषधं मेंदूवर काम करतात. पडून असताना आराम चांगला मिळतो. पण खोकताना पुरेल इतका डोस दिला तर पेशंट गुंगीत जातो, श्वास मंदावतो, मळमळतं, पोट तटतं. खोकल्याची इच्छाच मरते. म्हणजे ज्यासाठी औषध द्यायचं, तेच त्यानं बिघडतं. म्हणून दुखण्याची वाट मज्जातंतूपाशीच अडवायची. पॅरासिटामॉल आणि मूत्रपिंड ठीक असेल तर सूज उतरवणारं वेदनाशामक हे रोजचं पथ्य म्हणून चालूच असतं. मॉर्फिनची गरज लागली तर वरून थोडं.

ही वाट अडवायची सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत भक्कम पद्धत म्हणजे एपिड्यूरल.

"पाठीत सुई" म्हटलं की आपल्याकडे घरातली एखादी ताई किंवा मावशी सांगतेच, "माझ्या सिझेरियनला दिली होती, तेव्हापासून कंबर धरते." सिझेरियनला बहुतेकदा देतात तो स्पायनल. त्यात बारीक सुई थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जाते, औषध एकदाच सोडतात आणि सुई काढून घेतात. एपिड्यूरलमध्ये त्या पाण्याच्या पिशवीला हातही लावायचा नसतो. पिशवीच्या बाहेर, मणक्याच्या आत, एक चिंचोळी पोकळ जागा असते. तिथे चरबी आणि शिरांचं जाळं असतं, आणि तिथूनच प्रत्येक मज्जातंतूचं मूळ बाहेर पडतं. त्या जागेत बारीक नळी सरकवून ठेवायची आणि दोन-चार दिवस थोडं थोडं औषध सोडत राहायचं. कंबरदुखीचं म्हणाल, तर वर्षानुवर्षं टिकणाऱ्या दुखण्याचा सुईशी संबंध अभ्यासांमध्ये दिसलेला नाही. सुई टोचली तिथे काही दिवस हुळहुळतं, एवढंच. गरोदरपण आणि बाळंतपणच कंबरेवर पुष्कळ भार टाकून जातं.

छातीसाठी नळी कमरेत घालून उपयोग नाही. पाय जड होतील आणि छाती तशीच दुखत राहील. छेद जिथे आहे त्या पट्ट्याच्या मज्जातंतूंपाशीच औषध पोचायला हवं, म्हणून नळी पाठीच्या मधोमध, खांद्याच्या फऱ्यांच्या दरम्यान किंवा त्यांच्या जरा खाली घालतात. इथलं काम अवघड आहे. कमरेच्या मणक्यांची मागची टोकं सरळ असतात, त्यांच्यामधून वाट सापडते. पाठीच्या मधल्या मणक्यांची टोकं मात्र खाली झुकलेली, एकावर एक चढलेली, कौलारू छपरावरच्या कौलांसारखी. दोन कौलांमधून काडी घालायची तर ती तिरकी, खालून वर न्यावी लागते. आम्हीही बऱ्याचदा मधल्या रेषेच्या जरा बाजूनं सुई घालतो आणि तिरकी वर नेतो. शिवाय कमरेत मज्जारज्जू संपलेला असतो, छातीच्या पातळीवर तो समोरच असतो. म्हणून शक्यतो पेशंट जागा असतानाच नळी घालतो. काही वेगळं जाणवलं, चमक निघाली, तर तो लगेच सांगू शकतो.

पेशंटला उशी कवटाळून, पाठ गोल करून बसवतात. आधी कातडी बधिर करायचं इंजेक्शन, मुंगी चावल्यासारखं. मग सुई पुढे. सुईच्या मागे सलाइन भरलेली सिरिंज लावलेली असते आणि अंगठा तिच्या दांड्यावर असतो. सुई मणक्यांमधल्या पिवळ्या, चिवट बंधात असते तोवर दांडा दाबला जात नाही. भिंतीत पाणी ढकलावं तसं वाटतं. मी मिलीमीटर मिलीमीटर पुढे जाते. आणि एका क्षणी अंगठ्याखालचा विरोध एकदम नाहीसा होतो, सलाइन आपोआप आत ओढल्यासारखं जातं. आलो जागेवर. आणखी थोडं पुढे गेलं तर पाण्याची पिशवी. इतक्या वर्षांनंतरही त्या क्षणाआधी माझा श्वास रोखलेला असतो. मग सुईतून साधारण एक मिलीमीटर जाडीची नळी आत सरकवायची, चार-पाच सेंटिमीटर आत ठेवायची, सुई काढायची आणि नळी पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटवून आणायची.

ही जागा माणसासाठी पहिल्यांदा नीट वापरली ती स्पेनच्या लष्करातले सर्जन फिडेल पाजेस यांनी. १९२१ साली त्यांनी आपलं काम स्पॅनिशमध्ये प्रसिद्ध केलं. दोनच वर्षांत मोटार अपघातात ते गेले. पुढे इटलीत आकिले दोल्योत्ती यांनी तीच पद्धत स्वतंत्रपणे मांडली आणि बरीच वर्षं श्रेय त्यांनाच मिळत राहिलं. आत नळी ठेवून औषध चालू ठेवायची युक्ती हवानाच्या मनुएल मार्टिनेझ कुर्बेलो यांची, १९४७ मधली. तोवर औषधाचा असर संपला की सुई पुन्हा टोचण्यावाचून इलाज नव्हता.

नळीतून जातं काय? बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे बधिर करणारं औषध, तेही खूप पातळ केलेलं, ०.१ टक्क्याच्या आसपास. पातळ कशासाठी? दुखणं वाहून नेणारे तंतू बारीक असतात, स्नायू हलवणारे जाड. पातळ औषधानं बारीक तंतू गप्प होतात, जाड तंतू बरेचसे शाबूत राहतात. म्हणून छातीभोवती बधिर पट्टा बसतो, तरी माणूस चालू शकतो. सोबत बहुधा थोडं फेंटानिल घालतात. ते चरबीत विरघळणारं असल्यानं आसपासच मुरतं. मॉर्फिन पाण्यात विरघळतं, त्यामुळे ते मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून वर मेंदूकडे सरकत जातं आणि कित्येक तासांनंतर, अगदी दुसऱ्या दिवशीही, श्वास मंदावू शकतो. एपिड्यूरलमधून मॉर्फिन दिलेला पेशंट पुढचे चोवीस तास नजरेखाली लागतो.

आता औषध सोडण्याच्या तऱ्हा. इथे बराच फरक पडतो, पण याबद्दल नातेवाइकांशी फारसं कुणी बोलत नाही.

जुनी तऱ्हा म्हणजे दुखायला लागलं की डॉक्टरांनी येऊन डोस द्यायचा. डॉक्टर येईपर्यंत दुखणं वर चढलेलं असतं, आणि एकदा चढलेलं दुखणं उतरवायला जास्त औषध लागतं. म्हणून पंप आले. पंपानं तासाला ठरावीक मिलिलिटर, अखंड. बऱ्याच हॉस्पिटलांत फुग्यासारखा साधा पंप देतात. तो विजेशिवाय चालतो, पेशंटच्या गळ्यात अडकवता येतो आणि कमी खर्चाचा असतो. पण त्याचा वेग ठरलेला. रात्री दुखणं वाढलं तर फुग्याला कळत नाही.

अखंड थेंब-थेंब औषधाची आणखी एक अडचण शेतकऱ्याला चटकन कळेल. ठिबकचं पाणी रोपाच्या मुळाशीच मुरतं, वाफाभर पसरत नाही. वाफा भिजवायचा तर पाटानं पाणी सोडावं लागतं. एपिड्यूरलच्या नळीला टोकाशी दोन-तीन बारीक भोकं असतात. हळूहळू सोडलेलं औषध बहुतांशी एकाच भोकातून बाहेर पडतं आणि तिथेच मुरतं. तेच औषध ठरावीक वेळानं थोडं जोरात, एकदम सोडलं, तर सगळ्या भोकांतून निघतं आणि वर-खाली जास्त मज्जातंतूंपर्यंत पसरतं. नवे पंप हे काम आपोआप करतात, म्हणजे दर तासाला किंवा ठरवू तितक्या वेळानं एक पाळी. या पद्धतीचा भक्कम पुरावा मुख्यतः बाळंतपणाच्या कळांवरच्या अभ्यासांतून आलेला आहे. तिथे कमी औषधात तितकाच किंवा अधिक आराम मिळाला. छातीच्या ऑपरेशनांवरचे अभ्यास त्या मानानं लहान आहेत. तर्क पटतो, पण हाच पंप हवा म्हणून हॉस्पिटल बदलावं, असं मी कुणाला सांगणार नाही.

माझ्या मते जास्त मोलाचं आहे ते पेशंटच्या हातातलं बटण. थोडं औषध सतत चालू आणि खोकण्याआधी, फिजिओथेरपीआधी, कूस बदलण्याआधी पेशंटनं स्वतः बटण दाबून जादा डोस घ्यायचा. पंपाला कुलूपवेळ असते. एकदा दाबलं की पुढची दहा-वीस मिनिटं कितीही दाबा, औषध येत नाही. त्यामुळे जास्त डोसची भीती नसते. शिवाय दुसरं, न दिसणारं कुलूप म्हणजे पेशंटला गुंगी आली की तो बटण दाबतच नाही. म्हणून हात जोडून सांगते, मायेपोटीसुद्धा बाबांच्या वतीनं तुम्ही बटण दाबू नका. ते कुलूप तोडल्यासारखं होतं.

एपिड्यूरल लागलं आहे की नाही हे आम्ही स्पिरिटच्या बोळ्यानं पाहतो. बोळा आधी खांद्यावर टेकवायचा. "गार लागतं?" "हो." मग काखेखाली. "इथे?" "नुसता हात लागल्यासारखं वाटतंय." मग पोटावर. "इथे परत गार." जिथे गार लागत नाही तो पट्टा छेदाच्या दोन्ही बाजूंना पुरतोय का, एवढंच पाहायचं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण ते दिवसातून दोन-तीनदा व्हायला हवं. कारण एपिड्यूरल निकामी होणं दुर्मीळ नाही. नळी सरकते, एकाच बाजूला लागते, निसटून बाहेर येते. अनेक अभ्यासांत हे प्रमाण दर दहांत दोन-तीनपर्यंत सांगितलेलं आहे. नळी घातली म्हणजे दुखणं गेलं असं धरून चालणारं हॉस्पिटल आणि रोज बोळा टेकवणारं हॉस्पिटल यांत मी दुसरं निवडेन, मग पहिल्याकडे कितीही भारी पंप असू दे.

एक घोटाळा नेहमी होतो. छेद अजिबात दुखत नाही, पण त्याच बाजूचा खांदा ठणकतो. पेशंट म्हणतो, "नळी लागलीच नाही." नळी लागलेली असते. फुफ्फुसाखालच्या पडद्याचा मज्जातंतू मानेतून निघतो आणि त्याच्या तक्रारी खांद्यात उमटतात. छातीतल्या एपिड्यूरलचं औषध मानेपर्यंत पोचत नाही. अशा वेळी नळीतला डोस वाढवला तर रक्तदाब पडतो आणि खांदा तसाच राहतो. त्याला पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारं औषध यांचाच उपयोग होतो.

रक्तदाब पडतो म्हटलं, त्याचं कारण सांगते. रक्तवाहिन्या आवळून धरणारे तंतूही त्याच मुळांतून जातात. दुखण्याच्या तंतूंसोबत तेही गप्प होतात, रक्तवाहिन्या सैलावतात. शिवाय छेद एका बाजूचा असला तरी औषध दोन्ही बाजूंना पसरतं. एरवी रक्तदाब पडला की सलाइन सोडतात. फुफ्फुस कापलेल्या माणसाला भरमसाट सलाइन सोसत नाही. उरलेल्या फुफ्फुसात पाणी झिरपतं. मग सलाइन आवरतं ठेवून रक्तवाहिन्या आवळणारं औषध द्यावं लागतं, आणि त्यासाठी पेशंट आयसीयूत ठेवावा लागतो. लघवी अडणं आणि फेंटानिल-मॉर्फिनमुळे खाज सुटणं हे त्रास वेगळेच.

सगळ्यांत गंभीर, पण सुदैवानं फार क्वचित होणारी गोष्ट म्हणजे त्या चिंचोळ्या जागेत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जाणं. म्हणून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी आम्ही पुन्हा पुन्हा करतो. नुसती ॲस्पिरिन चालते. क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी बंद करावी लागते, तीही हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच. स्टेंट असलेल्या माणसानं ती मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं. नळी आत असताना पायांत नव्यानं जडपणा आला, पाय उचलेनासा झाला, पाठीत जोराची कळ आली, तर सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. लगेच नर्सना सांगायचं. एमआरआय करून आठ-बारा तासांच्या आत रक्ताचा दाब काढला तर पाय परत येण्याची शक्यता चांगली असते, नंतर झपाट्यानं कमी होते.

आता दुसरी वाट. बधिर करायचा आहे एकाच बाजूचा पट्टा, तर मणक्याच्या आत जायचंच कशाला? मज्जातंतू मणक्यातून बाहेर पडल्यावर, बरगडीकडे वळण्याआधी, मणक्याच्या कडेला एका त्रिकोणी खोबणीतून जातो. तिथेच औषध सोडायचं. हा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक. १९०५ साली जर्मनीत हुगो सेलहाइम यांनी तो पहिल्यांदा दिला. मग तो जवळजवळ विस्मरणात गेला. १९७९ मध्ये ईसन आणि वायट या दोन भूलतज्ज्ञांनी त्याकडे पुन्हा लक्ष वेधलं. आज सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुई नेता येते. छाती उघडलेलीच असेल तर ती शिवण्याआधी सर्जन स्वतःच्या डोळ्यांनी पाहून नळी तिथे ठेवू शकतात, आणि पेशंटच्या पाठीत वेगळी सुई टोचावीच लागत नाही.

या दोन पद्धतींची समोरासमोर तुलना झालेली आहे. कॉक्रेन ही एकेका उपचारावरचे अभ्यास एकत्र तपासणारी आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या २०१६ च्या आढाव्यात छाती उघडून ऑपरेशन झालेल्या ६९८ पेशंटांवरचे १४ अभ्यास एकत्र तपासले गेले. दुखणं आवरण्यात दोन्ही सारख्या ठरल्या. मृत्यू आणि मोठे धोके यांतही फरक दिसला नाही. फरक दिसला तो रोजच्या त्रासांत. रक्तदाब पडणं, मळमळ-उलटी, खाज, लघवी अडणं हे सगळं पॅराव्हर्टिब्रलमध्ये कमी. एकच बाजू बधिर होते, दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आपलं काम करत राहतात, त्यामुळे हे अपेक्षितच आहे.

मग एपिड्यूरल मोडीत काढावं का? मला तसं वाटत नाही. पॅराव्हर्टिब्रलची खोबण पुढून छातीच्या आतल्या अस्तरानं झाकलेली असते. औषध त्या अस्तरामागे साठून वर-खाली पसरतं. अस्तर शाबूत हवं. आपल्याकडे छाती उघडायचं एक नेहमीचं कारण म्हणजे क्षयरोगानंतर किंवा न्यूमोनियानंतर फुफ्फुसाभोवती साचलेला पू आणि त्याची झालेली जाड साल. ती साल सोलून काढताना ते अस्तरही सोललं जाऊ शकतं. मग खोबणीत सोडलेलं औषध छातीत गळतं आणि हवा-रक्त बाहेर काढायला छातीत ठेवलेल्या नळीतून वाहून बाहेर जातं. अशा ठिकाणी एपिड्यूरल जास्त खात्रीचं. पण त्याच पेशंटला ताप असेल, रक्तात जंतू असतील, तर मणक्याच्या आत नळी ठेवायला आम्ही कचरतो, कारण तिथे पू झाला तर अनर्थ होतो. हा पेच पुस्तकी नाही. अशा वेळी सर्जन आणि मी एक्स-रेसमोर उभे राहून बोलतो आणि त्या एका माणसापुरतं ठरवतो.

पॅराव्हर्टिब्रलचे स्वतःचेही धोके आहेत. सुई फुफ्फुसाच्या अस्तराला लागू शकते. छातीत नळी असणारच असल्यानं त्याची धास्ती इथे कमी. औषधाचं प्रमाण मात्र जास्त लागतं आणि तिथून रक्तात शोषणही भरभर होतं. ओठ बधिर होणं, कानात आवाज येणं, जिभेवर धातूची चव येणं ही औषध रक्तात जास्त झाल्याची चिन्हं आहेत. तीही ताबडतोब सांगायची.

तिसरी पद्धत अलीकडची आहे. कॅनडात मॉरिसिओ फोरेरो आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ती मांडली: इरेक्टर स्पायनी प्लेन ब्लॉक. पाठीचा कणा ताठ ठेवणाऱ्या उभ्या स्नायूखाली, मणक्याच्या आडव्या टोकावर, औषध सोडायचं. सुई मणक्यापासून आणि फुफ्फुसापासून लांब राहते. शिकायला सोपी, रक्त पातळ असलेल्या पेशंटमध्ये त्यातल्या त्यात निर्धोक. त्यामुळे ती भराभर पसरली. पण औषध त्या स्नायूखालून पुढे मज्जातंतूपर्यंत किती झिरपेल, हे माणसागणिक बदलतं. छातीच्या पुढच्या भागात असर कमी-जास्त होतो. छाती पूर्ण उघडली असेल तर मी हिच्यावर एकटीवर भिस्त ठेवत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनची गोष्ट वेगळी. तिथे दोन-तीन लहान भोकं पाडतात, बरगड्या फाकवत नाहीत. अशा ऑपरेशनांसाठी प्रॉस्पेक्ट या आंतरराष्ट्रीय गटानं २०२२ मध्ये दिलेल्या शिफारशींत पॅराव्हर्टिब्रल किंवा इरेक्टर स्पायनी ब्लॉक सुचवला आहे. एपिड्यूरल सुचवलेलं नाही, कारण दुखण्याच्या मानानं तो उपचार जड पडतो. तेव्हा दुर्बिणीनं ऑपरेशन ठरलं असेल आणि तरी कुणी पाठीत नळी घालायचं म्हणत असेल, तर "का?" हे जरूर विचारा. कारण असू शकतं: फुफ्फुस आधीच अगदी कमजोर आहे, किंवा ऐन वेळी छाती उघडावी लागेल अशी शंका आहे.

याशिवाय सर्जन आतून प्रत्येक बरगडीखाली एकेक इंजेक्शन देऊ शकतात. त्याचा असर काही तासांचा. रात्र निघते, उद्याचं काय हा प्रश्न उरतो.

आणखी एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. काहींचं दुखणं टाके निघाल्यावरही जात नाही. तीन महिन्यांनंतरही छेदाच्या रेषेत आग होते, सदऱ्याचा स्पर्श सहन होत नाही, ब्रा किंवा बनियनची कडा टोचते. चेपलेल्या मज्जातंतूचं ते दुखणं आहे आणि छाती उघडलेल्यांत ते मुळीच विरळ नाही. घरचे म्हणतात, "जखम तर भरली, आता काय दुखतंय?" पेशंट गप्प बसतो. एपिड्यूरल किंवा पॅराव्हर्टिब्रलसारखी पद्धत वापरली तर हे टिकून राहणारं दुखणं कमी होऊ शकतं, असं २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसलं. साधारण सात जणांना ती दिली तर एकाचं टळतं, असा हिशेब निघाला. टळलं नाही, तर त्यावर वेगळी औषधं आहेत. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या तिथे फारशा चालत नाहीत. वेदना क्लिनिक किंवा भूलतज्ज्ञांकडे या.

सही करण्याआधी डॉक्टरांना काय विचाराल? छाती उघडणार की दुर्बिणीनं करणार. नळी कुठे घालणार, कोण घालणार आणि सर्जनना नळी ठेवता येईल का. आणि मी स्वतः नातेवाईक असते तर पहिला विचारला असता तो प्रश्न: रात्री दोन वाजता दुखायला लागलं, तर ती नळी समजणारं माणूस वॉर्डात असेल का? याचं उत्तर "नाही" असेल, तर कागदावर सरस असलेल्या एपिड्यूरलपेक्षा एका बाजूचा, रक्तदाब न पाडणारा साधा ब्लॉक बरा.

त्या लातूरच्या काकांची नळी एका बाजूला सरकली होती. बोळा डावीकडे गार लागत नव्हता, उजवीकडे लागत होता, आणि छेद उजवीकडे. मी नळी एक सेंटिमीटर बाहेर ओढली, औषधाचा एक डोस दिला, वीस मिनिटं थांबले. मग सूनबाईंनी घडी केलेली चादर त्यांच्या उजव्या कुशीवर दाबून धरली आणि काका खोकले. या वेळी पोटातून. मळकट कफाचा मोठा गोळा निघाला. त्या दुपारी दुसरा बॉल वर गेला.

चौथ्या दिवशी नळी काढली. त्याआधी दोन तास गोळ्या सुरू केल्या होत्या, कारण औषध थांबलं आणि गोळ्या उशिरा लागल्या तर मधल्या तासांत दुखणं पुन्हा डोकं काढतं. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात देतात त्या इंजेक्शनला बारा तास झाले आहेत ना, हे चार्टवर पाहिलं. रक्त साचायचा धोका नळी काढतानाही तितकाच असतो. चिकटपट्टी सोडवली, काकांना पाठ गोल करायला सांगितलं, नळी हलकेच ओढून घेतली आणि तिचं टोक अख्खं आहे का ते प्रकाशात धरून पाहिलं. वेळ लिहिली: सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. पुढचं इंजेक्शन चार तासांनंतर, आणि तोवर दर तासाला पाय उचलून दाखवायचे.